उसन्या अवयवांचे यंत्र

कल्हईवाला पितळेच्या भांड्यात कापसाच्या बोळ्याने फिरवतो, ते कथील आपल्या ओळखीचे आहे. त्याच कथिलाचा एक थेंब डोळ्यांपुढे आणा, पण माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही लहान. निर्वात पेटीत एका नळीच्या तोंडातून तो सुटतो. वाटेत त्याला लेझरचा पहिला, हलका तडाखा बसतो आणि भाकरी थापावी तसा तो चपटा होतो. पाठोपाठ दुसरा, जोरकस तडाखा. थेंबाची वाफ होते, तापमान सुमारे २ लाख २० हजार अंश सेल्सियसवर जाते आणि त्या ठिणगीतून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बाहेर पडतो. हे एका सेकंदात ५० हजार वेळा घडते. आपल्या खिशातल्या नव्या, महागड्या फोनचा मेंदू या प्रकाशात छापलेला असतो. हा लेझर बनतो जर्मनीतल्या ट्रुम्फ या कंपनीत. थेंब सोडणारी आणि प्रकाश निर्माण करणारी यंत्रणा विकसित झाली अमेरिकेत, सॅन डिएगोच्या सायमर या कंपनीत. प्रकाश गोळा करून पुढे नेणारे आरसे घासले जातात जर्मनीतल्याच ओबरकोखेन गावी, त्साइसच्या कारखान्यात. आणि सगळे जोडून उभ्या राहिलेल्या यंत्रावर नाव असते नेदरलँड्समधल्या एका चौथ्याच कंपनीचे: एएसएमएल.

असे यंत्र बनवणारी दुसरी कंपनी आज जगात नाही. तैवानची टीएसएमसी, कोरियाची सॅमसंग आणि अमेरिकेची इंटेल या तिघीही त्यासाठी आइंडहोवेनजवळच्या वेल्डहोवेन या गावाच्या दारात रांग लावून उभ्या असतात. २०२४ साली एएसएमएलची विक्री सुमारे २,८३० कोटी युरो होती आणि संशोधनावरचा खर्च ४३० कोटी युरोंच्या आसपास. चाळीस वर्षांपूर्वी याच कंपनीत पन्नासही माणसे नव्हती. अशी चढती कमान दिसली की आपण लगेच ठरलेली गोष्ट सांगायला बसतो: गॅरेज, दोन मित्र, एक अफाट कल्पना, मग शेअर बाजार. एएसएमएलच्या बाबतीत त्यातले काहीच लागू पडत नाही. तिच्याकडे स्वतःचा म्हणावा असा मोठा शोध नव्हता, पैसा नव्हता, बाजारात जागाही नव्हती. या लेखाचे म्हणणे असे की ही कंपनी वाढली ती या नसण्यातून. स्वतः सगळे करण्याची ऐपत नसल्यामुळे तिने एकच विद्या पकडली, दुसऱ्यांनी केलेले अवयव एकमेकांशी जुळवण्याची, आणि काम जसजसे अवघड होत गेले तसतशी तीच विद्या सर्वांत दुर्मीळ ठरली. या म्हणण्यावर आक्षेप पुष्कळ घेता येतात, आणि त्यातले दोनेक चांगलेच बोचरे आहेत.

आधी काम काय ते समजून घ्यायला हवे. दिवाळीत दारापुढे छाप्याने रांगोळी काढतात. भोके पाडलेला पत्रा जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी पसरायची, पत्रा उचलला की नक्षी तयार. चिप छापण्याची रीत तत्त्वतः हीच आहे. पत्र्याच्या जागी नक्षी कोरलेली काच, जमिनीच्या जागी प्रकाशाला संवेदनशील लेप दिलेली सिलिकॉनची चकती आणि रांगोळीच्या जागी प्रकाश. काच आणि चकती यांच्यामध्ये भिंगांची उतरंड असते, ती नक्षी चौपट-पाचपट लहान करून खाली पाडते. एक घर छापून झाले की चकती सरकते, दुसरे घर, मग तिसरे. एकावर एक असे कित्येक थर छापायचे असतात आणि प्रत्येक थर खालच्या थराशी तंतोतंत जुळला पाहिजे. जाड्या रांगोळीने बारीक रेघ निघत नाही, तसे लांब तरंगाच्या प्रकाशाने बारीक नक्षी उमटत नाही. म्हणून या धंद्याचा सारा इतिहास म्हणजे रांगोळी अधिकाधिक बारीक दळण्याचा इतिहास आहे: ४३६ नॅनोमीटर, ३६५, २४८, १९३ आणि शेवटी एकदम १३.५. या तंत्राचे नाव लिथोग्राफी. जुन्या मराठीत त्याला शिळाछाप म्हणत; लोणावळ्याजवळ मळवलीच्या छापखान्यात राजा रविवर्म्याची चित्रे जर्मन तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली छापली जात, ते तंत्र या घराण्यातलेच. दगड जाऊन सिलिकॉन आले, नाव तेवढे राहिले.

फिलिप्स कंपनीच्या आइंडहोवेनच्या प्रयोगशाळेत असे छपाईयंत्र १९७०च्या दशकापासून तयार होत होते. ते होते उत्तम. विशेषतः थरावर थर बसवण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. पण त्याला गिऱ्हाईक मिळेना. चकती सरकवण्यासाठी फिलिप्सच्या अभियंत्यांनी तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवली होती. ती अचूक होती, पण जिथे धुळीचा कणही चालत नाही त्या स्वच्छ खोलीत तेलाचे पंप कोण घेऊन बसणार? दिव्यांपासून दूरचित्रवाणी संचांपर्यंत सगळे स्वतः करणाऱ्या फिलिप्सला हे लोढणे नको झाले होते. आर्थर देल प्रादो या उद्योजकाच्या एएसएम इंटरनॅशनल या कंपनीने निम्मा वाटा उचलायची तयारी दाखवली आणि १ एप्रिल १९८४ रोजी नवी कंपनी जन्माला आली. फिलिप्सच्या आवारातल्या गळक्या लाकडी शेडमध्ये तिची सोय लावण्यात आली. मोठ्या घरातून वेगळ्या काढलेल्या सुनेला माजघराऐवजी पडवी द्यावी, तसला प्रकार. फिलिप्समधून इकडे धाडलेल्या लोकांना ही बदली म्हणजे शिक्षा वाटली असेल तर नवल नाही.

तेव्हाचा बाजार पाहिला तर ही शिक्षाच होती. असे यंत्र प्रथम बाजारात आणणारी अमेरिकेची जीसीए अजून दबदबा राखून होती आणि जपानच्या निकॉन आणि कॅनन तिला मागे सारत होत्या. त्या दोघींची ताकद उघड होती. कॅमेऱ्यांच्या धंद्यातून आलेल्या या कंपन्या स्वतःची भिंगे स्वतः करत, यंत्राचे सांगाडे आणि मोजमापाची साधनेही स्वतःच. निकॉनच्या एका आवारात जेवढे कसबी लोक होते, तेवढे जमवायला आइंडहोवेनच्या शेडला कित्येक वर्षे लागली असती. पहिला मुख्याधिकारी गाल्ट स्मिट याच्यापुढे निवड सोपी होती, कारण ती निवड नव्हतीच. जे स्वतः बनवता येत नाही ते विकत घ्यायचे, आणि तसे जवळजवळ सगळेच होते. भिंगे त्साइसकडून, धातूकाम आसपासच्या कारखान्यांकडून. आपल्याकडे ठेवायचे ते यंत्राचे एकूण आरेखन, जुळवणी, आणि सगळे अवयव एका तालात नाचवणारी आज्ञावली. १९८६ साली आलेल्या पीएएस २५०० या यंत्रात तेल नव्हते, विजेच्या मोटारी होत्या.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: ही कंपनी तगली ती नशिबाने. १९८८ साली एएसएम इंटरनॅशनलने हात वर केले. पैसा ओतून ओतून ती थकली होती. फिलिप्स स्वतः तोट्याच्या गर्तेकडे निघाली होती आणि लवकरच तिथे हजारोंच्या नोकऱ्या जाणार होत्या. अशा वेळी या शेंडेफळाला आणखी पैसा द्यायला फिलिप्सच्या संचालक मंडळातल्या मोजक्या लोकांनी इतरांना कसेबसे राजी केले. दुसरे नशीब तैवानात उघडले. तिथे १९८७ साली सुरू झालेल्या टीएसएमसीमध्ये फिलिप्सचा मोठा वाटा होता, त्यामुळे यंत्रांची मोठी मागणी तिथून आली. पुढे टीएसएमसीच्या कारखान्यात आग लागली, यंत्रे खराब झाली आणि विम्याच्या पैशातून नवी यंत्रे मागवली गेली. एका कारखान्यातल्या धुराने दुसऱ्या कारखान्याची चूल पेटवली. हे योगायोग नाकारण्यात अर्थ नाही. पण योगायोगाने मिळते ती मुदत. त्या काळात अशीच मुदत इतरांनाही मिळाली होती; अमेरिकी सरकारच्या मदतीवर चाललेल्या संस्थेने जीसीएमध्ये पैसा घातला, तरी ती १९९३ साली बंद पडली.

जीसीएचे उदाहरण माझ्या मुद्द्याला सर्वांत अडचणीचे आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. जीसीएसुद्धा भिंगे त्साइसकडूनच घेत होती! उसने अवयव घेणे हीच किल्ली असती तर ती कंपनी बुडायला नको होती. तिचे काय बिनसले? भिंगे बदलत्या हवेच्या दाबाने आणि तापमानाने किंचित सरकत, नक्षी अंधूक होई. गिऱ्हाइके तक्रार करत आणि तक्रार ऐकण्याइतपत नम्रता तेव्हा बाजारात पहिल्या नंबरावर असलेल्या कंपनीत उरलेली नव्हती. बाहेरून आलेला अवयव तपासून, त्याचा स्वभाव ओळखून, तो कुठे दगा देईल हे बनवणाऱ्याच्याही आधी कळले पाहिजे, ही जबाबदारी तिने अंगाला लावून घेतली नाही. विकत घेतले की जबाबदारी विकणाऱ्याची, असा तिचा समज असावा. गवंड्याला काम दिले म्हणून घरमालकाने ओळंबा धरायचाच नाही असे कुठे असते? एएसएमएलने ओळंबा आपल्या हातात ठेवला. म्हणजे मूळ विधानात दुरुस्ती हवी: उसनवारीने कोणी मोठे होत नाही. उसना घेतलेला अवयव आपला असल्यासारखा जाणणे, हे काम तो बनवण्यापेक्षा स्वस्त असले तरी सोपे नाही.

ते जाणणे यंत्राच्या घडणीत कसे उतरते, हे १९९१च्या पीएएस ५५०० मध्ये दिसते. हे यंत्र आठ इंची चकत्यांसाठी होते आणि ते विभागांत बांधलेले होते. प्रकाशाचा विभाग, भिंगाचा, चकती सरकवण्याचा, मोजमापाचा. प्रत्येकाच्या सीमा आखलेल्या, जोडणीच्या जागा ठरलेल्या. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या कंपन्यांकडून भाग येणार म्हटल्यावर ही शिस्त लागतेच. एकाच छपराखाली काम करणाऱ्यांना तिची निकड वाटत नाही. शेजारच्या टेबलावर जाऊन कानस मारून भाग बसवता येतो. गिऱ्हाइकाच्या दारात मात्र हिशेब उलटतो. चिपच्या कारखान्यात यंत्र तासभर बंद पडले तर मालकाचा जीव खालीवर होतो. विभागांत बांधलेल्या यंत्राचा बिघडलेला विभाग काढून दुसरा लावता येतो. गरिबीने लादलेली रचना अशी विक्रीचा गुण होऊन बसली. कंपनी नफ्यात आली आणि १९९५ साली ॲमस्टरडॅम आणि नॅसडॅक या दोन्ही शेअर बाजारांत तिची नोंद झाली.

त्साइसशी असलेले नाते मात्र सुखाचा संसार म्हणून रंगवायला नको. ओबरकोखेनचे भिंगकार म्हणजे बोटांनी काच वाचणारे कारागीर. त्यांच्या हातची भिंगे जगात सरस, पण गिऱ्हाइकाला घाई आहे म्हणून आपला हात चालवण्याचा वेग बदलावा, हे त्यांच्या गावीही नव्हते. मागणी वाढली तशी वेल्डहोवेनमध्ये यंत्रे भिंगांची वाट बघत थांबू लागली. या भांडणातून दोन वाटा निघत होत्या: त्साइसला सोडणे किंवा स्वतः भिंगे करणे. एएसएमएलने तिसरी धरली. आपले अभियंते तिकडे बसवले, मोजमापाच्या पद्धती दोघांनी मिळून ठरवल्या, हाताच्या कसबाचा बराच भाग हळूहळू यंत्रांकडे गेला. आजच्या आरशांची सफाई अशी की असा आरसा ताणून जर्मनीएवढा केला तर त्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी भरेल. २०१६ साली एएसएमएलने त्साइसच्या या विभागाचा २४.९ टक्के वाटा १०० कोटी युरोंना घेण्याचे जाहीर केले. पाव हिस्सासुद्धा पुरा नाही. मालकी नको, पण जेवायला एकाच पंगतीत बसू, असा हा करार.

या व्यवस्थेची खरी कसोटी नव्या शतकाच्या तोंडावर लागली. १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशानंतर १५७चा येणार असे सगळ्यांनी धरले होते. त्यासाठी काच चालत नाही, कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकाची भिंगे लागतात. निकॉनसह अनेकांनी त्या दिशेने भरपूर पैसा गुंतवला. २००२ साली टीएसएमसीचे शास्त्रज्ञ बर्न लिन यांनी सांगितले की नवा प्रकाश नकोच. जुन्याच यंत्रात भिंग आणि चकती यांच्यामध्ये पाणी भरा. पाण्यात १९३चा प्रकाश १३४च्या प्रकाशासारखा वागतो. ऐकायला सोपे. पण चकती प्रचंड वेगाने मागेपुढे पळते आहे, तिच्यावर पाण्याचा पातळ थर आहे आणि त्यात एकही बुडबुडा चालणार नाही! एएसएमएलने हे आव्हान घेतले आणि २००३ साली पहिले प्रायोगिक यंत्र उभे केले. कामाला आली ती तिची दोन पाटांची रचना: एका पाटावरची चकती मोजली जात असताना दुसऱ्यावरची छापली जाते. मोजणी कोरड्यात, छपाई पाण्यात. निकॉनही नंतर पाण्याकडे वळली, पण तोवर फार उशीर झाला होता. ज्याने भिंगांचा आणि स्फटिकांचा कारखाना घरात उभारला आहे, त्याला जुनी गुंतवणूक सोडून पाण्याच्या नळीवर विश्वास ठेवणे जड जाते, असा माझा तर्क आहे. बाहेरून घेणाऱ्याला उद्या दुसरे काही घ्यायला फारसे दुखत नाही.

इथे जाणकार म्हणतील: पाण्याचे ठीक, पण अखेरची बाजी तर अमेरिकेने मारून दिली. १३.५च्या आसपासच्या प्रकाशाने, भिंगांऐवजी आरसे वापरून नक्षी पाडता येते हे जपानच्या एनटीटी कंपनीतल्या हिरो किनोशिता यांनी १९८६ साली दाखवले होते. तेव्हा त्यांच्या बोलण्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांत हेच काम चालू होते. सरकारी पैसा आटल्यावर १९९७ साली इंटेलच्या पुढाकाराने कंपन्यांचा एक गट झाला, त्याने सुमारे २५ कोटी डॉलर घातले. या गटात निकॉन आणि कॅनन यांना दार बंद राहिले, कारण जपानशी झालेल्या चिपयुद्धाची जखम वॉशिंग्टनमध्ये ओली होती. डच कंपनीला मात्र, अमेरिकेत गुंतवणूक करण्याच्या बोलीवर, १९९९ साली आत घेतले गेले. २००१ साली अमेरिकेची एसव्हीजी ही कंपनीही एएसएमएलला विकत घेऊ दिली गेली. म्हणजे शर्यतीत एकाचे पाय बांधले होते, मग दुसऱ्याच्या धावण्याचे कौतुक कशाला?

आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष तेवढा पक्का नाही. ही दारे उघडण्याआधीच आणि पाण्याच्या शर्यतीतही निकॉन मागे पडू लागली होती. २००२च्या सुमारास एएसएमएल विक्रीत पहिली झाली, तेव्हा या नव्या प्रकाशाचे एकही यंत्र कोणाकडे नव्हते. शिवाय जपानी कंपन्यांनी स्वतःच्या देशात हे संशोधन चालू ठेवले होते. निकॉनने प्रायोगिक यंत्रही बांधले, आणि मग सोडून दिले. अमेरिकी प्रयोगशाळांनी जे दिले ते तत्त्व चालते याचा पुरावा होता. तो पुरावा आणि विकता येणारे यंत्र यांच्यामध्ये वीस वर्षे गेली. इंटेलकडे पैसा होता, प्रयोगशाळांकडे विज्ञान होते, पण यंत्र त्यांच्यापैकी कोणी बांधले नाही. ज्याला मुळापासून सगळे आपणच करायचे आहे, त्याला हा पसारा एका घरात मावणारा नव्हता, हे माझे म्हणणे इथे मला अधिक पक्के होताना दिसते.

त्या वीस वर्षांतला सगळा त्रास एका साध्या हिशेबात सांगता येतो. हा प्रकाश हवेत शोषला जातो, काचेतही शोषला जातो. म्हणून सगळे निर्वातात आणि सगळे आरशांवरून. आरसासुद्धा साधा चालत नाही. मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन यांचे अतिपातळ थर एकाआड एक चढवावे लागतात, तरी प्रत्येक आरसा सुमारे तीस टक्के प्रकाश गिळतोच. दहा आरशांवरून उड्या मारत प्रकाश चकतीवर पोचतो तेव्हा शंभरातले जेमतेम तीन भाग उरलेले असतात. म्हणजे उगमापाशी प्रकाश प्रचंड हवा. हवा होता २५० वॅट. सुरुवातीच्या यंत्रांना मिळत होता दहाएक. तेवढ्या प्रकाशात चकती छापायला इतका वेळ लागे की कारखान्याला ते परवडणे शक्य नव्हते. कथिलाची वाफ आरशावर बसून तो आंधळा होई, ती वेगळीच डोकेदुखी. यंत्र ‘पुढच्या वर्षी’ येणार असे दरवर्षी सांगितले जाई आणि उद्योगात त्याची थट्टा होई. प्रायोगिक यंत्रे २००६ साली बेल्जियमच्या आयमेक संस्थेत आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत गेली. २५० वॅटचा टप्पा २०१७ साली गाठला गेला. भरघोस उत्पादन २०१९ पासून.

एवढा काळ खर्च कोणी सोसला? २०१२ साली एएसएमएलने एक अजब गोष्ट केली. इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या आपल्या तीन मोठ्या, आपसांत हाडवैर असलेल्या गिऱ्हाइकांना तिने मिळून २३ टक्के भाग सुमारे ३८५ कोटी युरोंना विकले आणि वर संशोधनासाठी १३८ कोटी युरो घेतले. यंत्र तयार होण्याआधीच गिऱ्हाईक भागीदार झाले. घरच्या खजिन्यावर अवलंबून असलेल्या कंपनीला हे सुचले नसते. एएसएमएलला मागायची सवय जुनी होती. त्याच वर्षी तिने प्रकाशाचा उगम बनवणारी सायमर सुमारे १९५ कोटी युरोंना विकत घेण्याचे ठरवले. यावर विचारता येईल की मग जुळवणीच्या विद्येचे काय झाले? त्साइसला हात न लावणाऱ्यांनी सायमर का गिळली? मला वाटते, याचे उत्तर तत्त्वात शोधू नये. त्साइसचे काम मंद होते पण होत होते; सायमरचे काम होतच नव्हते आणि तिच्या पैशांच्या बळावर होणारही नव्हते. जिथे पुरवठादाराचे खांदे ओझ्याला पुरत नाहीत तिथे ओझे आपल्या खांद्यावर घ्यावे लागते. १९८४ साली अभियंता म्हणून लागलेले मार्टिन व्हान डेन ब्रिंक २०२४ पर्यंत तांत्रिक सूत्रे सांभाळत होते. कोणता अवयव उसना ठेवायचा आणि कोणता घरात घ्यायचा, हे ठरवणारा माणूस चाळीस वर्षे त्याच यंत्रापाशी उभा होता, ही बाब जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही.

आता या व्यवस्थेची काळी बाजू. एएसएमएलला आज सुमारे पाच हजार पुरवठादार आहेत. विकत घेणाऱ्याची लवचिकता म्हणजे विकणाऱ्याची असुरक्षितता, हे आपल्याकडे भोसरी-चाकणच्या लहान कारखानदाराला वेगळे सांगायला नको. मोटारींची मागणी घटली की आधी त्याचीच यंत्रे थांबतात. २००८ साली एएसएमएलची विक्री सुमारे २९५ कोटी युरो होती, २००९ साली ती १६० कोटींवर आली. मंदीत जुळवणी करणाऱ्याने मागणी थांबवायची आणि माल पडून राहतो तो भाग बनवणाऱ्याकडे. २०१० साली विक्री पुन्हा ४५० कोटींवर गेली, तेव्हा त्याच पुरवठादारांकडून दुप्पट-तिप्पट माल तातडीने हवा होता. जुळवणीच्या विद्येचे गोडवे गाताना हा झोका कोणाच्या अंगावरून गेला हे सांगायचे राहून जाते. मोठ्या पुरवठादारांना एएसएमएल पैसा आणि माणसे देऊन सावरते. लहानांना सावरते ते त्यांचे त्यांचे धैर्य.

पुरवठादार जवळ लागतात, म्हणून जागाही सहज बदलता येत नाही. २०२४ साली परदेशी कुशल कामगारांवर निर्बंध आणण्याची भाषा डच राजकारणात सुरू झाली आणि एएसएमएलने वाढ दुसरीकडे करण्याचा इशारा दिला, तेव्हा सरकारने घाईघाईने ‘बेथोवेन’ नावाची सुमारे २५० कोटी युरोंची योजना आणली. पैसा रस्ते, घरे, शिक्षण यांसाठी. आइंडहोवेन परिसरात भारतीय अभियंते मोठ्या संख्येने आहेत, त्यांचाही प्रश्न त्यात होताच. आपल्याकडे २०२२ साली वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावचा गुजरातला गेला म्हणून केवढा गदारोळ झाला. पुढच्या वर्षी फॉक्सकॉनने अंग काढून घेतले आणि वादाचा विषयच संपला. जमीन आणि अनुदान यांवर दोन्ही राज्यांत रणे माजली, तळेगावच्या शेजारी पिंपरी-चिंचवडला अचूक धातूकाम करणारे जे कारखाने आहेत त्यांचा उल्लेख त्या भांडणात क्वचितच ऐकू आला.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. ज्याचे अवयव दहा देशांतले, त्याच्यावर दहा देशांचा हात. सॅन डिएगोतल्या तंत्रज्ञानावाचून यंत्र चालत नाही, म्हणून वॉशिंग्टनला वेल्डहोवेनच्या मालावर बोलता येते. १३.५ नॅनोमीटरचे एकही यंत्र आजवर चीनला गेलेले नाही. अमेरिकेच्या दबावानंतर डच सरकारने त्याचा परवाना रोखून धरला. २०२३च्या सप्टेंबरपासून पाण्याच्या यंत्रांपैकी प्रगत यंत्रांनाही डच परवाना लागू लागला. २०२४ साली विक्रीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा चीनचा होता, तेव्हा हे दुखणे किरकोळ नाही. निकॉनसारखे सगळे घरात केले असते तर हा फास गळ्यात पडला नसता, असे म्हणता येईल. माझ्याकडे याला उत्तर एवढेच की तसे केले असते तर गळाच राहिला नसता. हे उत्तर एएसएमएलच्या भागधारकांचे समाधान करील असे नाही.

आणि माझे म्हणणे चुकीचे ठरण्याची एक जागा उघडी आहे. चीनला आज हे यंत्र विकत मिळत नाही, तेव्हा त्याला ते मुळापासून, सगळ्या अवयवांसकट, घरातच उभे करावे लागेल. शांघायची एसएमईई ही कंपनी २००२ पासून छपाईयंत्रे बनवण्याच्या खटपटीत आहे, आणि आता तिच्यामागे सरकारची तिजोरी आहे. भिंगे, लेझर, आरसे, कथिलाचे थेंब: एका देशाने, एका छपराखाली. ते जमले तर हा लेख पुन्हा लिहावा लागेल. २०२३च्या ऑगस्टअखेर हुआवेची मेट ६० प्रो ही फोनची नवी आवृत्ती अचानक बाजारात आली. तिच्या आत चीनच्या एसएमआयसी या कंपनीने बनवलेली ७ नॅनोमीटर वर्गातली चिप निघाली, तेव्हा निर्बंध फसल्याची हाकाटी झाली. ती चिप एकच नक्षी अनेक फेऱ्यांत पाडून, जुन्या प्रकाशात, पाण्याखालून छापलेली होती, आणि छापणारी यंत्रे वेल्डहोवेनहून आलेली होती.